मालिकेतले गाणे, पण मालकी कोणाची?

ऑक्टोबर 2024 मध्ये सोनी लिव्हवर 'मानवत मर्डर्स' ही मराठी मालिका आली, तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरीसाठी ती काही परक्या मुलखाची गोष्ट नव्हती. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत कळमनुरी आणि मानवत ही दोन्ही गावे परभणी जिल्ह्यातच होती. मराठवाडा आता पडद्यावर येऊ लागला आहे. त्याची बोली, त्याचे वाडे, त्याचे गुन्हेसुद्धा. मग त्याचे गाणेही यावे, इथल्या स्वतंत्र गायक-वादकांना अशा मालिकांत जागा मिळावी, अशी मागणी होणारच, आणि ती रास्त आहे. पण नुसती जागा मिळून भागणार नाही. ध्वनिमुद्रणाची मालकी कलावंताकडे राहिली आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव आले, तरच त्या जागेला अर्थ आहे. एरवी ती एका दिवसाची मजुरी ठरते, आणि गाणे कायमचे हातातून जाते.

'स्वतंत्र संगीतकार' म्हटले की गिटार घेतलेला पुण्या-मुंबईचा तरुण डोळ्यांसमोर येतो. पण कंपनीचा करार नाही, चित्रपटाचा आधार नाही, गाण्यावरच पोट, हीच स्वतंत्र असण्याची कसोटी असेल तर ती आपल्याकडे फार आधीपासून लागू पडते. परभणीचे गोंधळी राजारामभाऊ कदम, गावोगाव फिरून भीमगीते गाणारे वामनदादा कर्डक, एकतारीवर गाता गाता मोबाइलच्या पडद्यावरून घराघरांत पोहोचलेल्या कडूबाई खरात ही याच वाटेवरची माणसे. अमरावतीचा रॅपर सौरभ अभ्यंकर म्हणजे 'हंड्रेड आरबीएच' 2019च्या 'गली बॉय'मधल्या 'इंडिया 91' या गाण्यात ऐकू आला, तोही याच पंगतीतला. कळमनुरी, आखाडा बाळापूर, डोंगरकडा या पट्ट्यात संबळ वाजवणारा आणि जयंतीच्या कार्यक्रमात गाणारा माणूस 'लोककलावंत' म्हणून वेगळ्या खणात टाकला जातो, आणि मग त्याच्याशी लेखी करार करण्याची गरज कोणाला वाटत नाही. इथेच सगळी गोम आहे.

मालिका संपते, गाणे संपत नाही. स्टार प्रवाहवर 2019 मध्ये सुरू झालेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' या मालिकेचे आदर्श आणि उत्कर्ष शिंदे यांनी केलेले शीर्षकगीत मालिकेबाहेर पडून जयंतीच्या मिरवणुकांत गेले, आज ते ऐकणाऱ्या कित्येकांनी मालिकेचा एकही भाग पाहिला नसेल. परदेशातले उदाहरण तर बोलके आहे. केट बुश या ब्रिटिश गायिकेचे 1985 सालचे गाणे 2022 मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत वापरले गेले आणि 37 वर्षांनी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ध्वनिमुद्रणाचे हक्क तिने स्वतःकडे राखले होते, म्हणून त्या लाटेचा पैसाही तिच्याकडे आला. ते हक्क तिने 1985 सालीच कोणाला विकून टाकले असते, तर तिच्या वाट्याला मुख्यतः कौतुक आले असते.

आपला कॉपीराइट कायदा या बाबतीत दिसतो तितका दुबळा नाही. मालिका कायद्याच्या व्याख्येत चित्रपटातच मोडते. 2012च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा दिला, आणि तो वाटा निर्मात्याला लिहून देताच येत नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. कलम 38-अ नुसार सादरीकरणाचा व्यापारी वापर झाला तर गायक-वादकालाही रॉयल्टी मिळते, आणि 38-ब त्याला नाव लागण्याचा हक्क देते. लोकगीतांच्या बाबतीत मात्र एक पळवाट सर्रास वापरली जाते. चाल परंपरेची, म्हणून श्रेयनामावलीत नुसते 'पारंपरिक' लिहायचे आणि मोकळे व्हायचे. चालीवर कोणाची मालकी नाही, हे खरे. पण त्या दिवशी त्या माइकसमोर ज्याने गळा लावला, ज्याने संबळ घुमवला, त्याचे सादरीकरण परंपरेचे नसते, त्याचे स्वतःचे असते.

निर्मात्यांची अडचण खोटी आहे असे नाही. आठ भागांची मालिका, ठरलेले बजेट, डोक्यावर तारीख. तयार संगीताच्या संग्रहातून तुकडा उचलणे स्वस्तही पडते आणि त्यात हक्कांची भानगड उरत नाही. शिवाय इतक्या अटी घातल्या तर कोणी मराठवाड्यात फिरकणारच नाही, असेही ऐकवले जाते. काही जण खरेच फिरकणार नाहीत, आणि तो तोटा सोसावा लागेल. पण अट मोठी नाही: या मालिकेपुरता वापराचा परवाना द्या, मालकी सोडू नका, आणि हे एका पानावर मराठीत लिहून घ्या. इतके करायला कोणाचे बजेट कोलमडत नाही. गावात जाऊन काम करता येते, हे स्नेहा खानवलकर यांनी 2012च्या 'गँग्ज ऑफ वासेपूर'साठी बिहारमधले गळे शोधून दाखवून दिले आहे. त्या चित्रपटाच्या संगीताचा वेगळेपणा बराचसा त्या शोधातूनच आला.

'प्रसिद्धी तर मिळते ना' हा युक्तिवाद सर्वांत गोड आणि सर्वांत पोकळ. प्रेक्षकाला गाणे आवडले तर तो मोबाइलवर शोधतो, आणि तिथे त्याला गाणाऱ्याचे नाव सापडले तरच पुढचा कार्यक्रम, पुढचे बोलावणे मिळते. गाणे निर्मात्याच्या नावावर चढले असेल तर प्रसिद्धीही त्याचीच. यात कलावंतांची बाजू अगदी स्वच्छ आहे असेही नाही; रोख रक्कम दिसली की न वाचता सही करण्याची सवय जुनी आहे, आणि गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेत नाव नोंदवण्याचा कंटाळाही. नोंदणीच नसेल आणि निर्मात्याच्या क्यू शीटवर, म्हणजे कोणते संगीत कुठे वाजले याच्या यादीवर, गीतकार-संगीतकाराचे नाव चढले नसेल, तर रॉयल्टी त्यांना शोधत कळमनुरीपर्यंत येणार नाही.

कलावंत सापडत नाहीत, ही सबबही टिकत नाही. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते. त्यासाठी तालुक्या-तालुक्यांतून अर्ज होतात, जिल्ह्याची समिती त्यांची छाननी करते, आणि कोण काय गातो, काय वाजवतो, याचे कागद सरकारी दप्तरात पडून असतात. त्यात तरुण मुले नसतील, पण त्यांना शिकवणारे आहेत. जिल्हा प्रशासन चित्रीकरणाची परवानगी देतेच. त्याच टेबलावर ही यादी आणि कराराचा एक मराठी नमुना निर्मात्याच्या हाती ठेवायला नव्या योजनेची गरज नाही, निधीचीही नाही. फक्त सही ध्वनिमुद्रणाच्या आधी झाली पाहिजे, नंतर नव्हे.