स्कॉटचा नकार प्रसिद्धीसाठी नव्हता


‘पॅटन’ या चित्रपटासाठीचं ऑस्कर जॉर्ज सी. स्कॉट यांनी प्रसिद्धीसाठी नाकारलं, हे गेल्या अंकातल्या पत्राचं म्हणणं मला मुळीच मान्य नाही. प्रसिद्धी हवी असती तर त्यांनी समारंभाचा मुहूर्त साधला असता. त्यांनी तर नामांकन होताच अकादमीला तार करून नकार कळवला होता. अकादमीनेच नाव काढलं नाही. १५ एप्रिल १९७१ला गोल्डी हॉनने पाकीट फोडलं, तिच्या तोंडून आधी ‘ओ माय गॉड’ निघालं आणि मग स्कॉट यांचं नाव. ते सभागृहात नव्हतेच! निर्माते फ्रँक मॅकार्थी यांनी मानचिन्ह स्वीकारलं आणि नंतर परत केलं.

मुख्य म्हणजे नकाराची ही भूमिका जुनी होती. ‘द हस्लर’साठी सहायक अभिनेत्याचं नामांकन त्यांनी १९६२ सालीही नाकारलं होतं. तेव्हा नाव नुकतं होऊ लागलं होतं, गमावण्यासारखं बरंच होतं. नटांना एकमेकांशी झुंजवणं त्यांना सहनच होत नसे. प्रचंड अमेरिकी ध्वजासमोर त्यांनी उभा केलेला जनरल पॅटन ज्याने पाहिलाय, त्याला त्या अभिनयाची थोरवी कोणत्या स्पर्धेने ठरवायची? पत्रलेखकांनी स्कॉट यांच्यासाठी वापरलेला ‘उद्धट’ हा शब्द मागे घ्यावा, ही विनंती.