स्मृतिभ्रंशाचें भाकीत

वडिलांनीं एकच हकीकत एका दिवसांत दोनदां सांगितली, किंवा आई कपाटाच्या किल्ल्या ठेवलेली जागा विसरली, कीं घरांतील कर्त्या मुलाच्या मनांत हल्लीं एक नवा विचार येतो : यांच्या मेंदूचें चित्र काढून घ्यावें काय? साठी बुद्धि नाठी असें म्हणून पूर्वींचे लोक स्वस्थ बसत. सुशिक्षितास तसें बसवत नाहीं, व तें योग्यहि आहे. परंतु हें चित्र काय सांगतें आणि काय सांगूं शकत नाहीं, हें समजल्यावांचून त्या वाटेस जाऊं नये.

१९०१ सालीं जर्मनींतील फ्रँकफर्ट येथील इस्पितळांत एकावन्न वर्षांची एक स्त्री आली. स्वतःचें नांव लिहावयास बसली कीं ती अर्ध्यावर अडे. आलोइस अल्झायमर या वैद्यानें तिची प्रकृति बारकाईनें टिपून ठेविली. १९०६ सालीं ती वारल्यावर त्यानें तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला, तेव्हां पेशींच्या बाहेर एका द्रव्याचे पुंजके व पेशींच्या आंत तंतूंची गुंतवळ आढळली. त्या पुंजक्यांच्या द्रव्यास अमिलॉइड म्हणतात. तें पाहावयाचें तर पुढें जवळजवळ शंभर वर्षें बहुधा रोग्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागे. अमेरिकेंतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे विल्यम क्लंक व चेस्टर मॅथिस यांनीं ही अडचण दूर केली. त्यांचें रसायन शिरेंतून टोचलें असतां मेंदूंत जाऊन नेमकें त्या पुंजक्यांस चिकटतें, आणि त्यास अल्पजीवी किरणोत्सर्गी कार्बन जोडलेला असल्यामुळें पेट-स्कॅन यंत्रावर तीं स्थळें उजळून दिसतात. २००२ सालीं स्वीडनमधील उप्साला येथें जिवंत मनुष्यावर त्याचा प्रथम उपयोग झाला. दुसरें साधन एमआरआयचें. स्मृति साठविण्याच्या कामीं येणारा हिपोकॅम्पस नांवाचा भाग किती आक्रसला आहे, हें त्यावरून मोजतां येतें.

हीं द्रव्यें पहिल्या विस्मरणाच्या पंधरा-वीस वर्षें आधींच सांचूं लागतात. तेव्हां भविष्य हातीं आलें, असें वाटणें साहजिक आहे. पण निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१५ सालीं जो हिशेब प्रसिद्ध झाला तो पाहावा : ज्यांची बुद्धि शाबूत आहे अशा पन्नाशींतील लोकांपैकीं शेंकडा १० व नव्वदींतील लोकांपैकीं शेंकडा ४४ यांच्या मेंदूंत अमिलॉइड आढळतें. डेव्हिड स्नोडन यांनीं अमेरिकेंतील ६७८ ख्रिस्ती जोगिणींचा अनेक वर्षें अभ्यास केला. त्यांतील एक जोगीण एकशेंएक वर्षांची होईतों चांचण्यांत उत्तम उतरत असे, आणि मरणोत्तर तिच्या मेंदूंत पुंजके विपुल निघाले! विमा कंपनीस हजारांत किती जातील हें ठाऊक असतें; आपले वडील त्यांत आहेत कीं नाहींत, हें ठाऊक नसतें. चित्राचें भाकीत याच जातीचें आहे.

बरें, धोका दिसला, तर पुढें काय? पुंजके असलेल्या पण बुद्धीनें धडधाकट अशा ११६९ वृद्धांवर सोलानेझुमॅब या औषधाचा प्रयोग सुमारें साडेचार वर्षें चालला. त्यानें ऱ्हास मंदावला नाहीं, असें २०२३ सालीं जाहीर झालें. त्याच वर्षीं अमेरिकेंत पूर्ण मान्यता मिळालेलें लेकॅनेमॅब हें औषध रोगाच्या आरंभावस्थेंतील लोकांकरितां आहे. त्यानें अठरा महिन्यांत ऱ्हासाचा वेग शेंकडा २७ नें कमी झाला. मात्र कित्येकांच्या मेंदूस सूज आली किंवा त्यांत रक्तस्राव झाला. एवढ्यावर निरोगी मनुष्यास यंत्राखालीं निजविण्यास आम्ही तरी सांगणार नाहीं.

खरी अडचण तर चित्र घरीं आल्यावर सुरू होते. त्या दिवसापासून वडिलांची प्रत्येक चूक रोगाच्या खातीं पडते. जमाखर्चाची वही त्यांच्या हातून जाते, सहीची कामें मुलगा करूं लागतो, नातवास त्यांच्याबरोबर बाजारांत धाडण्यास सूनबाई कचरते. आणि ज्यास कांहींच झालेलें नाहीं असा मनुष्य कोपऱ्यांत बसून राहतो. म्हणून चित्र काढावें कीं नाहीं, आणि काढल्यास त्याचा निर्णय कोणास सांगावा, हें प्रथम त्यांनाच विचारावें. मुलांनीं माजघरांत कुजबुजून ठरविण्याचा हा विषय नव्हे.

विस्मरणानें रोजचा व्यवहार अडूं लागला, ओळखीची वाट चुकूं लागली, तर मात्र विलंब नको. तेव्हां चित्र अवश्य काढावें, कारण पडल्यामुळें सांकळलेलें रक्त किंवा मेंदूंत तुंबलेलें पाणी त्यांत दिसतें, व त्यावर इलाज आहेत. त्याच्याहि आधीं रक्त तपासावें. शाकाहारी घरांत ब१२ या जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळ आढळते, आणि ती व थायरॉईड ग्रंथीची मंदता दोन्ही मनुष्यास विसराळू करतात. रक्तदाब व मधुमेह पाहावा. बहिरेपणाकडे तर आपण हंसण्यावारी नेतों. लॅन्सेट या वैद्यक नियतकालिकाच्या मंडळानें २०२४ सालीं टाळतां येण्याजोगीं जीं चौदा कारणें दिलीं, त्यांत तो आहे. आजोबा दूरदर्शनचा आवाज वाढवीत असतील, तर त्यांना आधीं कानांच्या डॉक्टरकडे न्यावें.