ताऱ्यांच्या घड्याळाचा ताळा

पल्सार म्हणजे स्वतःभोवती वेगाने फिरणारा अतिघन न्यूट्रॉन तारा. त्याच्या रेडिओ लहरींचा झोत दीपस्तंभाच्या प्रकाशाप्रमाणे ठरावीक अवधीने आपल्यावरून जातो. या आकाशस्थ घड्याळाचे कौतुक पुष्कळ होते. त्याचे ठोके मोजणारा संगणकातील हिशेबनीस मात्र उपेक्षित राहतो. आज त्याच्याविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्ही योजिले आहे.

अडचण अशी की, घड्याळ नियमित असले तरी आपण स्थिर नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्यामुळे पल्सारचे ठोके वर्षभरात सुमारे १६ मिनिटांपर्यंत मागेपुढे होऊ शकतात. म्हणून ‘टेम्पो’, ‘टेम्पो-२’ यांसारख्या आज्ञावली प्रत्येक ठोक्याची वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याशी नेऊन मांडतात आणि अपेक्षित वेळेशी ताडून उरलेला फरक दाखवितात. नवे ज्ञान हाती लागते ते या फरकातूनच.

पण वजाबाकीच चुकली तर? १९९१ साली इंग्लंडातील जॉड्रेल बँक वेधशाळेच्या अँड्र्यू लाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पल्सारभोवती सहा महिन्यांत प्रदक्षिणा घालणारा ग्रह सापडल्याचे जाहीर केले. पुढे लाइन यांनाच आढळले की, पल्सारचे गृहीत स्थान किंचित चुकले होते आणि पृथ्वीच्या कक्षेची लंबवर्तुळाकृती हिशेबात पुरती आली नव्हती. तो ‘ग्रह’ म्हणजे आपल्याच पृथ्वीच्या भ्रमणाची छाया होती! जानेवारी १९९२ मध्ये अटलांटा येथे खगोलशास्त्रज्ञांच्या भरसभेत त्यांनी ही चूक स्वमुखाने सांगितली, आणि सभेने टाळ्यांच्या कडकडाटात त्यांचा गौरव केला. त्याच महिन्यात वोल्श्चान व फ्रेल यांनी दुसऱ्या एका पल्सारभोवतीचे ग्रह प्रसिद्ध केले; ते मात्र खरे ठरले.

पुढे ‘पिंट’ नावाची आज्ञावली जुन्या आज्ञावलींपासून स्वतंत्रपणे लिहिली गेली, ती याच सावधगिरीपोटी. एकीचे उत्तर दुसरीने पडताळता येते. जून २०२३ मध्ये निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी विश्वात पसरलेल्या, अतिशय कमी कंप्रतेच्या गुरुत्वलहरींचा पुरावा मांडला. नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणेही त्या कार्यात होती. येथे शोधावयाचा फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान!

एवढ्याशा फरकावरून एवढे मोठे विधान करावयाचे, तर नुसते उत्तर पुरत नाही. ताळा पटल्यावाचून वही मिटू नये, हा शाळेतील शिरस्ता आकाशातही तितकाच लागू आहे, असे आम्हांस वाटते.