घरपट्टीचं सॉफ्टवेअर आणि हातात न येणारी एक फाइल

मंडळी, आज थोडं मोठं लिहितोय. आयटीवाले नसाल तरी वाचा, कारण घरपट्टी तुम्हीही भरता.

मोरिवली एमआयडीसीतून जाताना केमिकल कंपन्यांच्या गेटवरचे बोर्ड वाचायची मला जुनी खोड आहे. आत काय साठवलंय, किती साठवलंय, त्यात घातक काय. काही बोर्ड पुसट झालेत, काहींवर धूळ आहे, पण ते तिथे आहेत. उगाच नाहीत. १९८४ ला भोपाळ झालं आणि १९८७ ला कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने त्याची माहिती कामगारांना, स्थानिक प्रशासनाला आणि आजूबाजूला राहणाऱ्यांना द्यायची, असं त्यात आलं. ही माहिती किती महत्त्वाची असते ते आपल्या भागात कुणाला शिकवायला नको. मे २०१६ आणि मे २०२४, दोन्ही वेळा डोंबिवलीच्या एमआयडीसीत काय झालं ते आपण पाहिलंय. आग विझवायला गेलेल्या माणसाला आधी कळायला हवं की आत कुठला माल आहे.

सॉफ्टवेअरमध्येही अशीच यादी असते. फरक एवढाच, की सरकारी कार्यालयं ती मागतच नाहीत.

मी जावात काम करतो. रोज अंबरनाथहून लोकल, ठाण्याला गाडी बदलून ऐरोली. जावात लिहिलेला कुठलाही मोठा प्रोग्राम, मग तो बँकेचा असो, विम्याचा असो की कर भरण्याचा, एका कंपनीने संपूर्ण लिहिलेला नसतो. पीडीएफ पावती बनवायला एक तयार लायब्ररी, डेटाबेसशी बोलायला दुसरी, लॉग लिहायला तिसरी. या लायब्रऱ्या जगभरातल्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेल्या असतात. पूर्वी आम्ही त्या एकेक करून डाउनलोड करायचो आणि ‘लिब’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचो. २००० साली अँट आलं. त्याने कोड जोडून प्रोग्राम बांधायचं काम सोपं केलं, पण लायब्रऱ्या आणायचं काम माणसाच्याच गळ्यात राहिलं. मग मेव्हन आलं, त्याचं पहिलं पूर्ण व्हर्जन २००४ चं. मेव्हनमध्ये पॉम नावाची एक फाइल असते. मला अमुक लायब्ररी, तमुक व्हर्जनची हवी, एवढं तिच्यात लिहायचं. बाकी ती आणणं, तिला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या आणणं आणि सगळं जोडून प्रोग्राम बांधणं हे मेव्हन करतं. पुढे ग्रेडल आलं, २०१२ ला त्याचं १.० निघालं. तुमच्या फोनमधली बहुतेक अँड्रॉइड ॲप्स आज ग्रेडलनेच बांधली जातात. दोन्ही फुकट आहेत, वापरायला कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणजे पॉम फाइल ही एकाच वेळी मालाची यादीही आहे आणि कृतीही. ती आणि सोबतचा सोर्स कोड हातात असेल तर कुठलाही बऱ्यापैकी जावावाला तोच प्रोग्राम पुन्हा बांधू शकतो. ती नसेल तर काय होतं?

काही वर्षांपूर्वी एका सार्वजनिक कार्यालयाची जुनी सिस्टिम दुरुस्तीसाठी आमच्याकडे आली होती. कार्यालयाचं नाव सांगत नाही. ज्यांनी ती बनवली त्यांचं कंत्राट संपलेलं, माणसं पांगलेली. कार्यालयाने काय दिलं, तर एक पेन ड्राइव्ह. त्यात एकच बांधून तयार झालेली वॉर फाइल. सोर्स नाही, पॉम नाही. उघडून बघितली तर आत शंभराच्या वर जार, कित्येकांच्या नावात व्हर्जनच नाही. एकीचं नाव ‘कॉमन-न्यू-फायनल-२’. हसू नका, आम्हीही तेव्हा हसलो नव्हतो. काम काय होतं? पावतीवर एक ओळ वाढवायची. तेवढ्यासाठी तयार फाइल उलटी उकलून कोड काढायचा, कुठली जार कुठल्या व्हर्जनची हे एकेक ताडून बघायचं, यात सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांचं बिल अर्थातच जनतेने भरलं.

आता डिसेंबर २०२१ आठवा. लॉग लिहायची लॉगफोरजे नावाची लायब्ररी आहे, जावाच्या जगात जिथे तिथे वापरली जाणारी. तिच्यात असं भोक सापडलं की वेबसाइटच्या एखाद्या चौकटीत विशिष्ट मजकूर टाइप केला आणि तो लॉगमध्ये गेला, की बाहेरचा माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. धोक्याच्या मोजमापात तिला १० पैकी १० मिळाले. हे भोक २०१३ पासून तिथेच होतं. गूगलच्या लोकांनी तेव्हा मेव्हनच्या मध्यवर्ती भांडारात मोजणी केली. ३५,००० हून जास्त पॅकेजेस, म्हणजे भांडारातली ८ टक्क्यांहून अधिक, यात अडकली होती. त्यातल्या बहुसंख्य ठिकाणी लॉगफोरजे थेट मागितलेलीच नव्हती. दुसऱ्या लायब्ररीने तिसरी ओढली, तिसरीने ही. मेव्हनचा हा दोष मी झाकणार नाही. लाडू मागावा तर हा हलवायाला, त्याच्या कढईला आणि मेव्हण्यालाही घेऊन येतो, आणि काय काय आलं ते कुणी वाचत नाही.

पण वाचायची सोय आहे. मेव्हनला एक आज्ञा दिली की कोण कुणामुळे आलं याचं सगळं झाड छापून देतं. ज्यांच्याकडे पॉम होती त्यांनी झाड बघितलं, व्हर्जनचा आकडा बदलला, पुन्हा बांधलं. पुढच्या अठरा दिवसांत त्या लायब्ररीची चार सुधारित व्हर्जन्स आली, तरी दरवेळी काम तेवढंच. ज्यांच्याकडे नुसती बांधलेली फाइल होती ते जार उघडून त्यातला एक क्लास हाताने उपटून काढत बसले. आणि आपल्याकडे ही लायब्ररी आहे हेच ज्यांना माहीत नव्हतं, त्यांनी काहीच केलं नाही. अमेरिकेत इक्विफॅक्सचं २०१७ मध्ये असंच झालं. स्ट्रट्स या जावाच्याच लायब्ररीतल्या दोषावर उपाय मार्चमध्ये निघाला होता, चोर मे महिन्यात आत शिरले, आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. कुठल्या सर्व्हरवर काय चालतंय याची पूर्ण यादी त्या कंपनीकडे नव्हती.

आता मुद्द्यावर येतो. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा, उल्हासनगर महापालिका, तिन्हीकडे कर, पाणीपट्टी, दाखले यांची कामं कॉम्प्युटरवर चालतात. आपले पत्ते, मोबाइल नंबर, मालमत्तेचे तपशील त्यात आहेत. माझा कुणावर आरोप नाही, साधा प्रश्न आहे: या सॉफ्टवेअरचा सोर्स, बिल्ड फाइल आणि लायब्रऱ्यांची यादी आपल्या कार्यालयाच्या ताब्यात आहे, की ठेकेदाराच्या लॅपटॉपवर?

‘असं कोण देतं?’ असं म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. नागरी सेवांसाठीचा डिजिट प्लॅटफॉर्म जावात आहे आणि त्याच्या पॉम फाइल्ससकट कोड सगळ्यांसाठी खुला आहे. बंगळूरच्या आयआयआयटीत सुरू झालेलं मोसिप, ज्यावर फिलिपिन्सची राष्ट्रीय ओळखपत्र योजना उभी आहे, तेही जावात आणि तेही खुलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्ट-इनने सॉफ्टवेअरच्या घटकांच्या यादीबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सरकारी आणि सार्वजनिक संस्था आहेतच. मेव्हन आणि ग्रेडल दोन्हींना अशी यादी काढून देणारं प्लगइन फुकट मिळतं. एकदा जोडलं की प्रत्येक बिल्डबरोबर यादी आपोआप बाहेर पडते.

फक्त एका पळवाटेपासून सावध राहा, कारण ती मी स्वतः पाहिलीय. ठेकेदार सोर्स देतो, पॉमही देतो, सह्या होतात. वर्षभराने कुणी बांधायला घेतं तेव्हा कळतं की त्यातल्या दोन-तीन लायब्रऱ्या ठेकेदाराच्या ऑफिसातल्या खासगी सर्व्हरवरून येतात आणि तो सर्व्हर आता बंद आहे. बाहेरची भांडारंही कायमची नसतात. जेसेंटर नावाचं मोठं भांडार बंद करणार असल्याचं २०२१ मध्ये जाहीर झालं आणि अँड्रॉइडवाल्यांची धावपळ झाली. १५ जानेवारी २०२० ला मेव्हनच्या मध्यवर्ती भांडाराने साधं एचटीटीपी बंद केलं, त्या सकाळी आमचाही एक बिल्ड ‘५०१’ असा एरर देऊन आडवा पडला होता. पॉम हातात होती म्हणून चहा थंड व्हायच्या आत पत्ता बदलून मोकळे झालो.

म्हणून निविदेत नुसतं ‘सोर्स कोड द्यावा’ लिहून भागणार नाही. कार्यालयाच्या कोऱ्या मशीनवर, ठेकेदाराच्या नेटवर्कबाहेर, अधिकाऱ्यासमोर बिल्ड करून दाखवायचा. जो प्रोग्राम तयार होईल तोच सर्व्हरवर चढवायचा. लागलेल्या सगळ्या लायब्रऱ्यांची एक प्रत कार्यालयाकडे ठेवायची. शेवटचा हप्ता त्यानंतर. नगरपरिषदेकडे तज्ज्ञ नाही म्हणाल तर सकाळच्या ७:५० च्या कुठल्याही डब्यात चार तरी सापडतील, एक दिवस सुट्टी टाकून बसतील. मी बसायला तयार आहे.

माहितीच्या अधिकारात तिन्ही कार्यालयांना अर्ज लिहायला घेतलाय. कोड मागत नाहीये, गोपनीयतेचं कारण देऊन तो नाकारतील. विचारतोय एवढंच: सोर्स आणि बिल्ड फाइल ताब्यात आहे का, शेवटचा बिल्ड कार्यालयाने स्वतः कधी केला, आणि डिसेंबर २०२१ नंतर लॉगफोरजेची तपासणी झाल्याची नोंद आहे का. बदलापूर आणि उल्हासनगरचे कुणी सोबत सही करणार असाल तर इनबॉक्समध्ये कळवा, रविवारी मसुदा पाठवतो.