अपडेट थांबले, आता बूटलोडरची किल्ली द्या

प्रति,
मा. सचिव, ग्राहक व्यवहार विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या स्मार्टफोनचे बूटलोडर ग्राहकाला खुले करून मिळण्याबाबत

महोदय,

एलजीने एप्रिल २०२१ मध्ये मोबाइलच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले आणि त्या वर्षाअखेर बूटलोडर उघडून देणारी सेवाही बंद केली. फोन लोकांच्या खिशात होतेच. ज्यांनी मुदतीत बूटलोडर उघडण्याचा कोड घेतला नाही, त्यांच्या मालकीच्या वस्तूचे कुलूप कायमचे बसले. हुआवेने तर धंदा चालू असतानाच २०१८ मध्ये असे कोड देणे थांबवले.

फोन चालू करताच सुरुवातीला जागा होणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे बूटलोडर. पुढे सुरू होणाऱ्या प्रणालीवर कंपनीची डिजिटल सही आहे की नाही, हे तो तपासतो. सही नसेल तर गाडी तिथेच अडते. चोरी आणि छुप्या सॉफ्टवेअरपासून बचाव व्हावा म्हणून ही तपासणी आहे, आणि ती काढून टाका असे निवेदनकर्त्यांचे मुळीच म्हणणे नाही. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये मालकाला कुलूप उघडता येते. उघडताना आतली सगळी माहिती पुसली जाते, आणि दुसरी प्रणाली टाकून स्वतःच्या किल्लीने पुन्हा कुलूप लावण्याचीही सोय आहे. म्हणजे सुरक्षितता आणि मालकी एका फोनात नांदू शकतात. अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे.

किल्ली हातात असली की काय होते, ते भारतातच विकल्या गेलेल्या एका फोनने दाखवले आहे. डिसेंबर २०१४ मध्ये वनप्लस वन इथे आला तो सायनोजेन कंपनीची अँड्रॉइडवर आधारित प्रणाली घेऊन. त्या प्रणालीच्या हक्कावरून मायक्रोमॅक्सने दिल्ली उच्च न्यायालय गाठले होते; कस्टम रॉमला, म्हणजे बाहेरच्यांनी बदलून घडवलेल्या प्रणालीला, तेव्हा बाजारात एवढी किंमत होती! त्या फोनला अधिकृत अपडेट अँड्रॉइड ६ पर्यंतच मिळाले. लिनेजओएस या मुक्त प्रणालीच्या स्वयंसेवकांनी पुढे त्यावर अँड्रॉइड ११ चालवले. बूटलोडर बंद असता तर तोच फोन कितीतरी आधी भंगारात गेला असता.

अमेरिकेने जुलै २०१० मध्ये फोनचे कुलूप मोडणाऱ्या मालकाला कॉपीराइट कायद्यातून सूट दिली. पण ती सूट मालकाला खटल्यापासून वाचवते, कंपनीला किल्ली द्यायला लावत नाही.

आपल्या विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. दुरुस्तीयोग्यता निर्देशांकावरील समितीचा अहवालही मे २०२५ मध्ये आपल्याकडे आला असून त्यात सॉफ्टवेअर अपडेट हा एक निकष आहे. त्याच निकषात बूटलोडर उघडण्याच्या सोयीला गुण द्यावेत. सुरक्षा अपडेट थांबवताना, किंवा धंदा बंद करताना, कंपनीने कुलूप उघडण्याची सोय विनामूल्य आणि कायम उपलब्ध ठेवावी. त्यासाठी तिच्या सर्व्हरची किंवा खात्याची गरज पडू नये. बूटलोडर उघडता येतो की नाही, हे खोक्यावर ठळक मराठी-हिंदीतही छापलेले असावे.

बूटलोडर उघडल्यावर बँकांची काही अ‍ॅप चालत नाहीत, याची निवेदनकर्त्यांना कल्पना आहे. तो प्रश्न ते रिझर्व्ह बँकेकडे स्वतंत्रपणे मांडतील.

निर्देशांकाचे अंतिम नियम ठरवण्यापूर्वी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे म्हणणे ऐकून घ्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
मोबाइल दुरुस्ती कारागीर व ग्राहक