घेतल्याइतकें ठेवावें

अमेरिकेच्या टेक्सस संस्थानांत लुकेनबाक नांवाची चिमुकली वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकांत जर्मन लोकांनीं ती वसविली. एक जुनें दुकान, एक नृत्यगृह आणि ओक वृक्षांची छाया, एवढाच तिचा पसारा. १९७० सालीं होंडो क्राउच नामक गृहस्थानें भागीदारांसह ती विकत घेतली, व तेथें ‘कंट्री’ म्हणजे खेडवळ ढंगाच्या गायनाचे मेळे भरूं लागले. १९७७ सालीं वेलन जेनिंग्ज यानें वस्तीच्याच नांवाचें गाणें गायिलें आणि तिची कीर्ति देशभर झाली. फळ काय? चाहत्यांनीं रस्त्यावरील नांवाच्या पाट्याच पळविल्या!

अशा जुन्या वस्त्यांतून जमणारी दुसरीही एक मंडळी आहे, ‘जिओकॅशिंग’ खेळणारांची. ३ मे २००० रोजीं ऑरेगनमध्यें डेव्ह उल्मर यानें एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तेव्हांपासून हा खेळ जगभर पसरला. उपग्रहांच्या साह्यानें डबी शोधावी, आंतील वहींत नांव लिहावें, वस्तु घेतल्यास तितक्याच मोलाची दुसरी ठेवावी, आणि डबी पूर्ववत् लपवावी, हा त्याचा नियम. पहारेकरी कोणी नसतो.

वाचकहो, प्रेम दोघांचेंही खरें. परंतु पाटी नेणारानें मागून येणाऱ्याची वाट चुकविली. डबी ठेवणारानें त्याचा आनंद राखला. सुटींत मुलांना गडावर न्याल, तेव्हां भिंतीवर नांव कोरूं पाहणाऱ्या हातास हा भेद अवश्य सांगावा.