नऊशे रुपयांची ट्यूब

तर झालं असं, की गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी मी दात साफ करून घ्यायला एका चकाचक क्लिनिकमध्ये गेलो आणि तीन दातांच्या फिलिंगचं एस्टिमेट खिशात घालून बाहेर आलो. दुखत काहीच नव्हतं. पण "आत्ता भरून घ्या, नाहीतर रूट कॅनालची वेळ येईल" असं कोणी मास्क लावून सांगितलं की आपली मान आपोआप हलते. माझीही हलली. पुढच्या शनिवारची अपॉइंटमेंटसुद्धा घेतली.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "दुखत नाहीये ना तुला? मग आधी आपल्या डॉक्टरांना दाखव." आपले डॉक्टर म्हणजे माझे दुधाचे दात ज्यांनी काढले ते. पासष्टीच्या पुढचे, खुर्चीही त्यांच्याच वयाची. त्यांनी दातांवर हवेचा फवारा मारून ते कोरडे केले, दिवा जवळ आणला आणि म्हणाले, "अरे, एक दात भरायला हवा, तो भरू. बाकी दोन नुसते पांढरे डाग आहेत. खड्डा कुठाय? सहा महिने थांबू."

"पण डॉक्टर, कीड आहे ना ती?"

"आहे की. पण अजून परत फिरू शकते."

हे 'परत फिरू शकते' माझ्या डोक्यात बसलं. लहानपणापासून आपण ऐकलंय, दाताला कीड लागली की ती वाढतच जाते. घरी येऊन वाचत बसलो. (आमच्यासारख्या लोकांना वीकेंडला दुसरं काम काय?)

दाताचं बाहेरचं आवरण, म्हणजे इनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक, नाव हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नष्ट झालेल्या असतात. म्हणजे हाड मोडलं तर जुळतं, कातडी कापली तर भरून येते, पण झिजून गेलेलं इनॅमल परत उगवत नाही. कुठल्याही जाहिरातीत 'इनॅमल पुन्हा वाढवा' असं दिसलं तर ती ट्यूब खाली ठेवावी.

मग परत फिरतं ते काय? तर तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. दाताजवळचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं खनिज विरघळायला लागतं. गंमत म्हणजे ते आधी पृष्ठभागाखालून जातं, वरचा पापुद्रा बराच काळ शाबूत राहतो. आत बारीक बारीक छिद्रं पडतात, प्रकाश त्यांत विखुरतो आणि डाग खडूसारखा पांढरा दिसतो. दात कोरडा केला की अजूनच पांढरा. डॉक्टरांनी हवा का मारली ते मला तेव्हा कळलं. पुढे आम्ल ओसरलं की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्या छिद्रांत परत जाऊन बसतं. हे जाणं-येणं दिवसभर चालूच असतं. जाणं जास्त झालं की एक दिवस तो पापुद्रा आत कोसळतो. मग खड्डा. तिथून मात्र परतीचा रस्ता नाही, भरावंच लागतं.

म्हणजे त्या पहिल्या क्लिनिकने माझे जे दोन दात कोरायचे ठरवले होते ते अजून जाण्या-येण्याच्याच टप्प्यात होते. कोरलं असतं तर? फिलिंग जन्मभर टिकत नाही. काही वर्षांनी ते काढून नवीन बसवायचं, दर वेळी भोक थोडं मोठं. आमच्या कामात प्रॉडक्शनला चूक गेली तर रोलबॅक करता येतो. इथे नाही. म्हणून माझं पहिलं मत असं, की दुखत नसलेला दात भरायला सांगितला तर सरळ विचारावं, "वरचा थर फुटलाय का? थांबता येईल का?" यात डॉक्टरांचा अपमान वगैरे काही नाही. चांगला डॉक्टर आरसा हातात देऊन दाखवतो.

आता ट्यूबची गोष्ट. एवढं वाचल्यावर मी अर्थातच शांत बसलो नाही. मेडिकलमध्ये जाऊन 'रिमिनरलायझिंग' लिहिलेली सगळ्यात महाग ट्यूब आणली. जवळजवळ नऊशे रुपये, आणि आकार म्हणाल तर शाळेतल्या वॉटरकलरपेक्षा जेमतेम मोठी. मग (आधी नव्हे, मग!) तिच्यात काय आहे ते वाचलं.

या पेस्टांच्या मागे विज्ञान आहे, थापा नाहीत. माझ्या ट्यूबमध्ये होतं सीपीपी-एसीपी, म्हणजे दुधातल्या केसीन प्रथिनाच्या मदतीने विरघळलेल्या अवस्थेत धरून ठेवलेलं कॅल्शियम फॉस्फेट. मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स यांच्या गटाने ते शोधलं. (दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर वापरायचं नाही.) दुसरा प्रकार नोव्हामिनचा. त्याचं मूळ बायोग्लास, जे लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात बनवलं, तेही व्हिएतनाम युद्धात जखमी झालेल्या सैनिकांच्या हाडांचा विचार डोक्यात ठेवून. तिसरा नॅनो-हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट, म्हणजे इनॅमलच्याच खनिजाचे अतिसूक्ष्म कण. जपानच्या सांगी कंपनीने १९८० मध्ये तशी पेस्ट बाजारात आणली आणि १९९३ मध्ये तिकडे त्याला किडीविरुद्धचा घटक म्हणून सरकारी मान्यताही मिळाली.

पण पुरावा मोजायला बसलं की चित्र बदलतं. सीपीपी-एसीपीचे निकाल उलटसुलट आहेत, नेहमीच्या फ्लोराइडपेक्षा ते ठळकपणे सरस ठरलेलं नाही. नोव्हामिनचं मुख्य काम दात शिवशिवणं कमी करण्याचं. नॅनोवाल्या पेस्टने काही चाचण्यांत फ्लोराइडची बरोबरी केलीय, पण त्या चाचण्या थोड्या, आणि काहींना बनवणाऱ्यांचाच पैसा. याउलट साध्या फ्लोराइड पेस्टचा २००३ मध्ये कॉक्रेनने आढावा घेतला, तेव्हा मुलांवरच्या सत्तरच्या आसपास चाचण्या हाताशी होत्या, मुलं चाळीस हजारांवर, आणि कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी. फ्लोराइड लाळेतल्या खनिजाला दाताकडे ओढतं, आणि नवीन बनणारा थर जुन्यापेक्षा चिवट असतो, साधारण ४.५ पीएचपर्यंत तग धरतो. म्हणजे खरी रिमिनरलायझिंग पेस्ट तुमच्या बाथरूममध्ये आधीपासून असण्याची शक्यता आहे. पन्नास-साठ रुपयांची.

'शक्यता' म्हटलं, कारण ट्यूब उलटी करून बघायला लागतं. आपल्याकडे टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंतच चालतं आणि किती आहे ते ट्यूबवर छापावं लागतं. युरोपात हीच मर्यादा १५०० आहे. माझ्या ट्यूबवर आकडा शोधला, तर नाहीच! त्या प्रकारात फ्लोराइड नव्हतंच. दोन महिने मी नेहमीची पेस्ट बाजूला ठेवून फक्त तीच वापरत होतो. इंजिनिअर म्हणे.

फ्लोराइड म्हटलं की कोणीतरी लगेच म्हणतं, ते विष आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दात आणि हाडं खराब झालीत हे खरंच आहे. आपल्या नागपूरच्या 'नीरी'ने तुरटी आणि चुना वापरून ते काढायची नालगोंडा पद्धत शोधली ती याच दुखण्यासाठी. पण ते पाणी लोक वर्षानुवर्षं, दिवसाला काही लिटर पितात. ब्रशवरच्या एक ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम फ्लोराइड असतं आणि ते बहुतेक सगळं आपण थुंकतो. लहान मुलं गिळतात, म्हणून तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी.

थुंकण्यावरून आठवलं. ब्रश झाल्यावर खळखळून चुळा भरायच्या नाहीत. फक्त थुंकायचं. इंग्लंडची एनएचएस लोकांना हेच सांगते. माझी आजी सात चुळा मोजून भरायला लावायची, त्यामुळे मला हे सगळ्यात जड गेलं. पण तिच्या काळी राखुंडी होती, ती धुऊनच टाकायला हवी. आज आपण पैसे देऊन फ्लोराइड आणतो आणि दोन मिनिटांत बेसिनमध्ये सोडून देतो. आणि घासायचं मुख्यतः रात्री. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणजे दुरुस्ती करणारा माणूसच सुट्टीवर.

पण माझ्या दोन डागांचं खरं कारण पेस्ट नव्हतंच. ते ऑफिसच्या खालची टपरी होतं. दिवसाला पाच कटिंग, दोन खारी. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी मोजून दाखवलं की गोड पोटात जाताच काही मिनिटांत दातावरचा पीएच कोसळतो आणि सावरायला अर्धा-पाऊण तास जातो. पाच कटिंग, प्रत्येकी पाऊण तास. करा गुणाकार. त्यात मी डेस्कवर कप ठेवून घोट घोट घेत बसणारा, म्हणजे तो पाऊण तास संपतच नाही. साखर किती यापेक्षा किती वेळा, हा हिशोब महत्त्वाचा. तेवढी साखर जेवणाबरोबर एकदाच खाल्ली असती तर कमी बिघडलं असतं.

सकाळचं लिंबू-मध-गरम पाणी हे आणखी एक. ते तर जिवाणूंची वाटही बघत नाही, थेट आम्ल, पीएच तीनच्या आसपास. ते पिऊन लगेच ब्रश करणारे किमान चार जण माझ्याच टीममध्ये आहेत. मऊ झालेलं इनॅमल घासून काढायची याहून सोपी रीत नसेल.

महाग पेस्ट कोणासाठीच नाही असं मी म्हणत नाहीये. दातांना तारा लावलेल्या असतील, औषधांमुळे तोंड कोरडं पडत असेल, तर लाळेचं काम बाहेरून करून घ्यायला ती बरी. डॉक्टरांनी सांगितली तर जरूर घ्या, फ्लोराइडच्या पेस्टला जोड म्हणून. माझा राग स्वतःवरच आहे. टपरीवरची साखर बंद करायला मला तीन महिने लागले आणि नऊशेची ट्यूब आणायला वीस मिनिटं. आपल्या वयाचे आपण सगळे जरा असेच झालोय. पाठ दुखली की खुर्ची, झोप येत नाही की अ‍ॅप.

असो. सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे गेलो. परत हवा, परत दिवा. म्हणाले, "चमक आली बघ. आधी खडबडीत होता. थांबलाय." डाग मात्र जाणार नाहीत म्हणे, वरून बंद झाले तरी आतला पांढरेपणा राहतो. समोरचाच दात, फोटोत दिसतो. चालेल.

पहिल्या क्लिनिकचा मेसेज अजून दर महिन्याला येतो. तुमची ट्रीटमेंट अपूर्ण आहे.